चालू पॅनलमधली अक्षता

आमच्या कंट्रोल रूममध्ये एक गुणगुण असते. नवीन माणसाला ती पहिले दोन-तीन दिवस ऐकू येते, मग कानाला तिची सवय होते. मला मात्र तिसऱ्या हंगामातही ती ऐकू यायची. पॅनलमधल्या पंख्यांचा बारीक आवाज, त्याच्या खाली वाफेचा दबका सूर, आणि सगळ्यांच्या तळाशी टोस्टरच्या मोटारीची जाड घरघर. हिवाळ्याच्या सकाळी बाहेर तुरीच्या शेतांवर धुकं असायचं, त्यात प्लांटची वाफ मिसळायची, आणि खिडकीतून पाहिलं की आपण जमिनीवर आहोत की ढगात, हे पटकन सांगता यायचं नाही. हवेला भाजलेल्या सोयाबीनचा गोडसर वास. तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे, कारण तो रोज संध्याकाळी माझ्या वडिलांच्या कपड्यांतून घरी यायचा.

सोयाबीनचं तेल काढणारा हा कारखाना शेलूबाजारच्या रस्त्यापासून थोडा आत, शेतांच्या मधोमध उभा आहे. बाबा तिथे मजूर म्हणून लागले तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. मी तिथे इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हाही ते मजूरच होते. आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिला. पहिल्या दिवशी गेटवर आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवरून उतरलो. ते डावीकडे हजेरीच्या खिडकीकडे गेले, मी उजवीकडे ऑफिसात. जाताना त्यांनी वळून पाहिलं नाही. मी मात्र पाहत राहिलो.

टोस्टर काय असतो ते आधी सांगतो. सोयाबीनचे पोह्यांसारखे पापुद्रे करून ते एका पातळ द्रावणात भिजवतात. तेल द्रावणाबरोबर निघून जातं आणि खाली ओली ढेप उरते. ती एका उंच लोखंडी टाकीत जाते. तिथे वाफेनं तिच्यातलं द्रावण उडवतात आणि ढेप भाजतात. ही टाकी म्हणजे टोस्टर. आत मधोमध एक खांब फिरतो आणि त्याला लागलेले लांब हात ढेप सारखी हलवत ठेवतात. हे हात थांबले की ढेप दबते आणि बघता बघता विटेसारखी घट्ट होते. मग मोटार पुन्हा फिरत नाही. टाकी थंड करून, आतली वाफ काढून, माणसांना झरोक्यांतून लांब सळयांनी ती ढेप फोडून बाहेर ओढावी लागते.

मी बारावीत असताना एकदा तसं झालं होतं. बाबा सलग दोन दिवस तिथेच होते. घरी आले तेव्हा पापण्यांवर ढेपेची पिवळी भुकटी होती आणि दोन्ही तळहात सोललेले. ताटात भाकरी होती, पण ती त्यांना मोडता येईना. आईनं भाकरी दुधात कुस्करली आणि चमचा दिला. मोठ्या माणसाला चमच्यानं दुधभाकरी खाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. समोर माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. त्या पानावर काय होतं ते आज आठवत नाही. चमचा आठवतो.

आता ते साठीला आले होते. उजवा खांदा वर जात नव्हता. पण टोस्टर अडला असता तर झरोक्यापाशी पहिली हाक त्यांनाच गेली असती, कारण टोस्टरचं पोट त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात एक कार्ड बिघडायला लागलं.

प्लांटचा सगळा कारभार ज्या पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या संगणकावर चालतो, तो एका कपाटाएवढ्या पॅनलमध्ये असतो. आत एका रांगेत कार्डं बसवलेली असतात, फळीवर पुस्तकं ठेवावीत तशी. काही कार्डं प्लांटकडून ऐकतात, काही प्लांटला सांगतात. प्रत्येकावर एक हिरवा दिवा. बिघडलेलं कार्ड ऐकणारं होतं. टोस्टरमध्ये ढेप किती भरली, मोटारीवर भार किती, ढेप बाहेर सोडणारं खालचं गेट किती उघडं, हे सगळं त्याच्यातून यायचं. मधूनच आकडा उडी मारायचा आणि परत जागेवर यायचा. झोपेत दचकणाऱ्या माणसासारखं. एखादी उडी मोठी असती तर पीएलसीनं तिलाच खरं मानून टोस्टर थांबवला असता.

साहेब म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर, बाहेरगावचे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "चालू प्लांटवर बदलता येईल?"

"येईल, सर. कार्ड तसंच बनवलेलं आहे."

"तुम्ही कधी केलंय?"

"नाही, सर. शिकलोय."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. यार्डात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "करा."

ऑपरेटर काकांना ते पटलं नाही. काका प्लांटच्या पहिल्या दिवसापासून कंट्रोल रूममधल्या त्या खुर्चीवर बसलेले. मला 'इंजिनेर साहेब' म्हणायचे, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून कधी मान द्यायला यायचा, कधी चिमटा काढायला.

"बैलाच्या खुराले पत्री ठोकायची असन त आधी त्याले पाडा लागते, चारी पाय बांधा लागते," ते म्हणाले. "तू त चालत्या बैलाले पत्री मारतो म्हन्तं."

"कार्डच तसं बनवेल हाय, काका. चालू असतानी निंगते, चालू असतानी बसते. पुस्तकात लिवेल हाय."

"पुस्तक लिवणाऱ्यानं आपला टोस्टर पाह्यला काय?"

नवं कार्ड पार्सलनं ट्रॅव्हल्सच्या गाडीतून शेलूबाजारला आलं. मी मोटरसायकलवर जाऊन ते आणलं. खोक्यात चंदेरी पिशवी, पिशवीत कार्ड. हवेत गारवा होता. दोन्ही बाजूंना तूर, मधे कुठे हरभऱ्याचा हिरवा पट्टा. खोकं मी स्वेटरच्या आत छातीशी धरलं होतं, लहान मूल घ्यावं तसं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मोटरसायकलचा आवाज धुक्यात विरून जात होता आणि मला वाटत होतं, हा रस्ता असाच लांबत गेला तर किती बरं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काम करायचं ठरलं.

तयारी मी वहीत लिहून काढली होती. कार्ड निघालं की टोस्टरचे आकडे दिसेनासे होणार आणि पीएलसी घाबरून सगळं बंद करणार. म्हणून त्याला आधी सांगून ठेवायचं की थोडा वेळ जुनेच आकडे धरून चाल. खालचं गेट आहे त्या उघडीवर स्थिर ठेवायचं. पण मोटारीला स्वतःचा एक रिले असतो, तो कोणाचंच ऐकत नाही. भार फार वाढला की तो मोटारीची वीज तोडतो. तेवढ्या वेळात आत ढेप वाढली, तर आम्हाला ते कळणार नव्हतं. म्हणून टोस्टरपाशी एक माणूस उभा करायचा. तिथे मोटारीचा भार दाखवणारा काटा आहे आणि गेट हातानं उघडायचं चाक. भिंतीवर एक वायरचा फोन आहे. द्रावणाची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून तिथे मोबाइल नेत नाहीत.

"तुया बापाले उभं कर," काका म्हणाले.

मला ते नको होतं. का नको होतं, ते नीट सांगता येत नव्हतं. दुसरं नाव सुचवावं म्हणून मी हजेरीचा कागद पाहिला. शेवटी मीच वर जाऊन बाबांना सांगितलं. काट्याच्या काचेवर खडूनं दोन रेघा मारल्या.

"काटा या दोन रेघांच्या मधात राह्यला त फोनवर 'मधात' म्हना," मी म्हणालो. "वरच्या रेघेले लागला त लगेच सांगा. काका म्हन्तीन तेव्हाच चाक फिरवा."

"मले फकस्त काटा पाहाचा हाय ना?"

"हो. दहा मिनिटं."

"जाय मंग. तिकडं तुयं काम खोळंबून राह्यलं असन." त्यांनी फोन कानाला लावला, रिकामाच, अजून कोणी बोलत नव्हतं तरी.

खाली येऊन मी पॅनल उघडलं. मनगटाला पट्टा बांधला, त्याची तार अर्थिंगला लावली, म्हणजे अंगातली वीज कार्डाला चावू नये. नव्या कार्डावरचा नंबर जुन्याशी तीनदा ताडून पाहिला. काकांनी टोस्टरचा फोन स्पीकरवर घेतला. साहेब दारात उभे होते.

"मधात," बाबांचा आवाज आला. घरघरीतून आलेला, लांबचा, विहिरीतून यावा तसा.

मी तारांचा ठोकळा सोडवून बाजूला घेतला. स्क्रीनवर टोस्टरचे आकडे राखाडी झाले. कार्डाच्या वरची आणि खालची खिटी दाबली आणि ते सरळ माझ्याकडे ओढलं. ते सहज निघालं. रांगेत एक काळी खाच उरली. डावीउजवीकडचे हिरवे दिवे तसेच जळत होते. प्लांट चालत होता. मला हसू आल्यासारखं झालं.

नवं कार्ड लावण्याआधी खाचेत टॉर्च मारावा असं पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून मारला. आत, जिथे कार्डाच्या पिना बसतात त्या जागी, लालसर भुकटी होती. आणि दोन पिनांच्या बिळांच्या मधे, आडवा, कुंकवानं रंगलेला एक तांदूळ.

तो तांदूळ कुठून आला हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. बॉयलर, मोटारी, वजनकाटा, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं. पॅनलची पूजा काका करायचे, बाहेरच्या दारावर, दोन बोटं कुंकू लावून. त्या वर्षी मी म्हणालो, पॅनलची पूजा मी करतो. ज्या यंत्रानं मला खुर्ची दिली, माझ्या वडिलांना गेटमधून मान वर करून यायला लावलं, त्याला दारावरच नमस्कार करायचा हे मला बरं वाटलं नाही. मी दार उघडलं. काका म्हणाले होते, "दारालेच लाव ना बावा. आत कायले जातं?" मी म्हणालो, "काम त आतलेच करतात." ओल्या कुंकवाची बोटं मी प्रत्येक कार्डावर टेकवली. अक्षता टाकल्या. फुलानं पाणी शिंपडलं. कार्डांच्या डोक्यावर हवेसाठी जाळी असते, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या दिवशी ते डोक्यात आलंच नाही. डोळे मिटून मी उभा राहिलो होतो आणि खरंच मनापासून आभार मानले होते.

त्या आभारांतला, जाळीतून पडलेला आणि जुनं कार्ड ओढताना पिनांच्या जागी घसरलेला एक दाणा आता माझ्या समोर होता. तसाच कार्ड आत दाबलं असतं तर पिना वाकल्या असत्या, आणि सगळी कार्डं जिच्यात बसतात ती मागची पाटीच गेली असती. मग एकच काय, सगळीच कार्डं मेली असती. टोस्टर थांबला असता.

"मधात," बाबा म्हणाले.

खाचेत वीज चालू होती. लोखंडी चिमटा घालायची सोय नव्हती. मी काकांकडे पाहिलं. ते उठून आले आणि माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांनी पाहिलं, आणि त्यांना कळलं. साहेब चार पावलांवर होते. काकांना तिथे एक वाक्य बोलायचा पूर्ण हक्क होता. ते कोपऱ्यात गेले, शिंदीच्या फड्यातून, म्हणजे झाडूतून, एक वाळकी काडी तोडली, टोक दातानं बारीक केलं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्या हातात दिली.

"हे लाकूड हाय," ते हळू म्हणाले. "याच्यातून करंट नाही जात."

त्यानंतरचा वेळ मला मिनिटांत सांगता येणार नाही. घड्याळाप्रमाणे दहा मिनिटांची वीस मिनिटं झाली, असं साहेब नंतर म्हणाले. मला आठवतो तो टॉर्चचा पिवळा गोल, त्यात एक लाल दाणा आणि त्याच्याकडे जाणारी काडी. गुणगुण मोठी होत गेली, इतकी की मी तिच्या आत बसलो आहे असं वाटायला लागलं. शाळेत गुरुजींनी टॉर्चचे सेल आणि तार घेऊन छोटा बल्ब लावून दाखवला होता, तो वर्ग आठवला. सगळी मुलं श्वास धरून बसली होती, तशीच ती कंट्रोल रूम. दाणा हलायचा आणि परत बसायचा. काडी ओढली तर आत जाईल, ढकलली तर अडकेल. आणि दर थोड्या वेळानं वरून बाबांचा आवाज यायचा, एकाच सुरात, "मधात." अंगणात मी अभ्यास करत असताना ते खाटेवरून अधूनमधून खोकायचे, आपण जागे आहोत हे कळावं म्हणून. तसाच तो आवाज. मी त्याच्या आधारानं काडी धरून होतो.

"मधात."

दाणा काडीच्या टोकावर चढला, खाचेच्या कडेपर्यंत आला आणि माझ्या तळहातावर पडला. मी तो मुठीत धरला. कोरड्या ब्रशनं भुकटी काढली, पुन्हा टॉर्च मारला. बिळं स्वच्छ, सरळ. नवं कार्ड खाचेत सरकवलं. खिट्या टक करून बसल्या. दिवा हिरवा लुकलुकायला लागला. लुकलुकत राहिला. मग स्थिर झाला.

तारांचा ठोकळा लावला. स्क्रीनवरचे राखाडी आकडे एकेक करून उजळले. बाहेर कोणीतरी खिडक्या उघडत गेल्यासारखं वाटलं. साहेबांनी मोठा श्वास सोडला आणि चहा सांगायला गेले.

काका खुर्चीत बसले. गेट परत मशीनच्या ताब्यात दिलं आणि दोन क्षणांनी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गेट आपलं आयकत नाही. हे कायले एवढं उघडं हाय?"

आकडा मी पाहिला. मी ठेवलं होतं त्याहून गेट बरंच उघडं होतं. मोटारीचा भार आता खाली येत होता, पण आलेख मात्र खरं सांगत होता. कार्ड जिवंत झालं त्या क्षणी भार खडूच्या वरच्या रेघेपेक्षा पुष्कळ वर होता.

मी जिने चढत वर गेलो. मनगटाचा पट्टा तसाच लटकत होता. वाफेत बाबा उभे होते. डाव्या हातात फोन, अजून कानाला. उजवा हात गेटच्या चाकावर, आणि तो खांद्याच्या दुखऱ्या उंचीवर ताणलेला. चाक हातानं धरलेलं असेल तर गेट मशीनचं ऐकत नाही.

"झालं, बाबा. सोडा."

त्यांनी चाक सोडलं. हात खाली यायला वेळ लागला.

"काटा वर गेलता?"

"गेलता."

"मंग फोनवर मधात मधात काहून म्हनत होते?"

ते खडूच्या रेघेकडे बघत राहिले. "म्या सांगतलं असतं त तुया हात हालला असता. ढेप वाढून राह्यली हे मले आवाजावरून समजते. थोडं थोडं उघडत गेलो." मग म्हणाले, "तू दहा मिनिटं म्हनला होता."

त्यांनी केलं ते नियमाला सोडून होतं. दुसरा कोणी असता तर मी त्याला समज दिली असती. मी फक्त मूठ उघडली. घामानं कुंकू तळहाताला लागलं होतं आणि मधे तो तांदूळ.

"हे होतं आत," मी म्हणालो. "दसऱ्याले म्याच टाकलं होतं."

बाबांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "साहेबाले सांगतलं?"

"नाही."

"सांग."

बिघाडाच्या वहीत 'कारण' नावाचा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तिथे 'धूळ' किंवा 'ओलावा' लिहितात आणि ते खोटंही नसतं. मी लिहिलं, 'दसऱ्याच्या पूजेत कार्डावर ओलं कुंकू व अक्षता पडल्या. पूजा मी केली होती.' त्याखाली 'फोनवरून काट्याची खरी स्थिती कळली नाही. पुढच्या वेळी दोन माणसं उभी करावीत' असंही लिहिलं. बाबांचं नाव लिहिलं नाही, पण साहेबांना समजायचं ते समजलं असणार. त्यांनी वही दोनदा वाचली. चष्मा काढला.

"आता पूजा बंद करायची का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. दार बंद ठेवून करायची."

"आणि दाराची किल्ली?"

"काकांकडे."

मागून काका म्हणाले, "इंजिनेर साहेब शिकले, बरं का." या वेळी त्यात चिमटा किती आणि मान किती, ते मला ठरवता आलं नाही.

पाळी सुटल्यावर आम्ही दोघं मोटरसायकलवर घरी निघालो. ऊन तिरपं झालं होतं. बाबा मागे बसले होते. तांदूळ मी खिशात एका कागदाच्या पुडीत ठेवला होता. आजही तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, रंग उडालेला.

घरी आईनं ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, तेलात कालवलेलं तिखट. मी बाबांच्या हाताकडे बघत होतो. त्यांना ते कळलं असावं, पण त्यांनी वर पाहिलं नाही. उजवा हात जरा जड होता, म्हणून भाकरी त्यांनी डाव्या हातानं दाबून धरली आणि उजव्यानं तुकडा मोडला. मग दुसरा. आईनं विचारलं, "दूध आनू काय?"

"कायले?" बाबा म्हणाले, आणि जेवायला लागले.